साक्षीदाराचा वाली कोण?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आमच्या घराघरांतून मुलांना पाढ्यांबरोबरच शिकविली जाते. भाऊबंदकीच्या दाव्यांत पिढ्यान् पिढ्या बुडालेल्या पाहिल्यावर कोणीहि हेंच म्हणेल. परंतु ही पायरी चढावयाची कीं नाहीं हें ठरविण्याची मुभाच ज्यास नाहीं, असा एक मनुष्य प्रत्येक फौजदारी खटल्यांत असतो. तो फिर्यादी नव्हे, आरोपी नव्हे, वकीलहि नव्हे. त्यानें कांहीं पाहिलें, एवढाच त्याचा संबंध. एके दिवशीं समन्स हातीं पडतें आणि त्या घराची झोप उडते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. सुमारें बारा वर्षांपूर्वीं आमच्या तात्यांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांनीं, संध्याकाळीं फिरून येतांना एका भरधाव टेंपोखालीं एक सायकलस्वार सांपडलेला पाहिला. तात्या हाडाचे शिक्षक. चाळीस वर्षांपूर्वींच्या विद्यार्थ्याचें नांव, त्याचा बांक आणि गणितांतले गुण त्यांना तोंडपाठ. पोलिसांनीं विचारलें, त्यांनीं जबाब दिला. “अहो, पाहिलेंत तें पाहिलेंत, पण सांगावयास कशाला गेलांत?” असें काकू म्हणाल्या, तात्या नुसते हसले. दोन वर्षांनीं समन्स आलें. तालुक्याच्या कोर्टांत तीन खेपा फुकट गेल्या. एकदां न्यायाधीश रजेवर, एकदां आरोपीच्या वकिलानें तारीख मागून घेतली, एकदां कागदच आले नव्हते. घरून नेलेला डबा व्हरांड्यांतील बांकावर बसून खावयाचा आणि पुकारा होण्याची वाट पाहावयाची. तिसऱ्या खेपेस त्याच बांकावर टेंपोवाल्याचे दोघे भाऊ येऊन बसले. त्यांनीं धमकी दिली नाहीं. “मास्तर, नातू कोणत्या शाळेंत जातो?” एवढेंच मोठ्या अदबीनें विचारलें. चौथ्या खेपेस तात्या पिंजऱ्यांत उभे राहिले आणि म्हणाले, “मला आतां नीट आठवत नाहीं.” सरकारी वकिलानें त्यांना फितूर ठरविण्याची परवानगी मागितली. घरीं आल्यावर तात्या दोन दिवस कोणाशीं बोलले नाहींत.

फितूर हा शब्द ऐकला कीं पैसे खाल्लेला मनुष्य डोळ्यांपुढें येतो. तसे असतातहि. परंतु पुष्कळसे फितूर साक्षीदार त्या व्हरांड्यांतील बांकावरच तयार होतात, असें आमचें मत झालें आहे. खटल्यापूर्वींच्या त्या दिवसांत त्यांना कोणी वाली नसतो.

आरोपी निर्धन असल्यास त्यास सरकारी खर्चानें वकील मिळतो. राज्यघटनेच्या ३९-अ या कलमाचें तें तत्त्व असून १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यानें त्याची व्यवस्था लावून दिली आहे. तें योग्यच आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, पट्टेवाला या सर्वांना वेतन आहे. त्या दालनांत आपल्या पदरचें खर्चून येणारा बहुधा साक्षीदार एकटाच. कायद्यानें त्याची सोय मुळींच केली नाहीं असें नव्हे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें ५४४ वें कलम, १९७३ च्या संहितेचें ३१२ वें कलम आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें ३५० वें कलम, तिन्हींचा आशय एकच: न्यायालयास योग्य वाटल्यास साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारनें द्यावा, असा हुकूम तें करूं शकतें. सव्वाशें वर्षांत ‘योग्य वाटल्यास’ या शब्दांपुढें आमचें पाऊल पडलेलें नाहीं. भत्ता मागतां येतो हेंच कित्येकांस ठाऊक नसतें. तात्यांसहि नव्हतें.

ही गैरसोय कोणाच्या ध्यानांत आली नव्हती असेंहि नाहीं. विधि आयोगानें १९५८ च्या आपल्या १४ व्या अहवालांतच साक्षीदारांच्या बसण्याउठण्याच्या व भत्त्याच्या अपुऱ्या व्यवस्थेकडे लक्ष वेधलें होतें. पुढें २००० सालीं पंजाबमधील एका अपिलाचा निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति वाधवा यांनीं साक्षीदाराचे हाल अगदीं घरगुती शब्दांत वर्णिले. त्यास बसावयास जागा नसते, पाण्याचा पेलाहि मिळत नाहीं, तारखा पडत राहतात आणि शेवटीं तो कंटाळतो. भत्ता साक्ष झाली तरच नव्हे, तर तहकुबीच्या प्रत्येक दिवसाचाहि ताबडतोब द्यावा, वेळीं घरीं पाठवावा, असें त्यांनीं सुचविलें. एवढें उघड सांगूनहि ती गोष्ट रोजच्या वहिवाटींत उतरली नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

जिवाच्या भयाची गोष्ट याहून वेगळी. बडोद्याच्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यांत अनेक साक्षीदार उलटले आणि २००३ सालीं सर्व आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयानें १२ एप्रिल २००४ रोजीं तो खटला पुन्हां चालविण्यासाठीं महाराष्ट्रांत पाठविला, तेव्हां साक्षीदारांच्या संरक्षणाचा प्रश्न साऱ्या देशापुढें आला. त्यानंतर एका आश्रमाधिपतीवरील बलात्काराच्या खटल्यांतील साक्षीदारांवर हल्ले झाले, कांहींचे प्राण गेले. अखेर ५ डिसेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून सर्व राज्यांवर बंधनकारक केली. जिल्ह्याचे मुख्य न्यायाधीश अध्यक्ष, पोलीसप्रमुख सदस्य आणि सरकारी वकिलांचे प्रमुख सदस्य-सचिव, अशी तीन जणांची समिति साक्षीदाराचा अर्ज पाहते. धोका किती आहे याचा अहवाल पोलिसांनीं पांच कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचा. मग घरावर पहारा, कोर्टांत नेण्या-आणण्याची सोबत, आरोपीशीं समोरासमोर गांठ पडूं न देणें, गरज पडल्यास दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड व निर्वाहास मदत, अशी व्यवस्था करतां येते. नव्या संहितेच्या ३९८ व्या कलमानें अशी योजना जाहीर करणें प्रत्येक राज्य सरकारचें कर्तव्यच ठरविलें आहे.

या योजनेंत खर्चासाठीं राज्याचा स्वतंत्र साक्षीदार संरक्षण निधि आहे. त्यांत पैसा कोठून यावा? अंदाजपत्रकांतील तरतूद, न्यायालयांनीं पक्षकारांवर बसविलेल्या खर्चाच्या रकमा, देणग्या, आणि कंपन्यांनीं सामाजिक कार्यासाठीं काढून ठेवलेला पैसा. यांतील पहिला मार्ग सोडून बाकीचे आम्हांस रुचत नाहींत. तुरुंग देणग्यांवर चालत नाहीं, पोलीसठाणें वर्गणी काढून बांधीत नाहींत. मग साक्षीदाराचा पहाराच तेवढा दानशूरांच्या मर्जीवर कां ठेवावा? उद्यां देणगीदारावरच खटला झाला तर काय, हा प्रश्नहि कोणी विचारील.

शिवाय ही योजना सर्वांसाठीं नाहीं. फांशी, जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे, तसेंच स्त्रियांच्या विनयभंगासारखे कांहीं गुन्हे, एवढ्यांपुरतीच ती आहे. निष्काळजीपणें गाडी चालवून कोणाचा जीव घेतल्याच्या त्या काळच्या कलमास दोनच वर्षांची शिक्षा होती. म्हणजे ही योजना तेव्हां असती तरी तात्यांच्या बांकापर्यंत पोंचती ना. रस्त्यावरील जखमीस मदत करणाऱ्यावर साक्षीची सक्ति करूं नये, अशीं मार्गदर्शक तत्त्वें २०१६ सालीं न्यायालयानें बंधनकारक केलीं, तें चांगलेंच झालें. परंतु त्यामुळें दूर राहण्याची सोय झाली. जो पुढें येतो त्याच्या पाठीशीं कोणी उभें राहिलें नाहीं.

मुलांच्या बाबतींत मात्र आमच्या कायद्यानें खरी वाट दाखविली आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याखालीं २०२० सालीं जे नियम झाले, त्यांत मुलाच्या सोबतीस खटल्याच्या आधींपासून शेवटपर्यंत एक साहाय्यक व्यक्ति देण्याची तरतूद आहे. कोर्टांत काय होईल तें ती मुलाला समजावून देते, आईबापांना तारखा कळविते, बरोबर जाते. तिचें मानधन राज्य सरकारनें द्यावयाचें असून तें कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी असूं नये, असेंहि नियमांत आहे. महाराष्ट्रांतून सर्वोच्च न्यायालयांत गेलेल्या एका खटल्यांत अत्याचार झालेली मुलगी मूकबधिर व मतिमंद होती; तिची साक्षच नोंदली गेली नव्हती. २०१७ च्या त्या निकालांत, प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दींत अशा दुर्बल साक्षीदारांसाठीं निदान दोन स्वतंत्र केंद्रें उभारावीं, असें न्यायालयानें सांगितलें. जानेवारी २०२२ मध्यें प्रत्येक जिल्ह्यांत एक केंद्र असावें व राज्य सरकारांनीं त्याचा पैसा वेळेवर द्यावा, असा हुकूम झाला. मुलास भय वाटतें हें आम्हीं मान्य केलें. सत्तरीच्या म्हाताऱ्यास किंवा नुकत्या विधवा झालेल्या बाईस तें वाटत नाहीं काय?

इंग्लंडांत हा भेद ठेवलेला नाहीं. तेथें न्याय खात्याच्या पैशानें साक्षीदार-सेवा चालते. पूर्वीं ती ‘व्हिक्टिम सपोर्ट’ ही संस्था पाहत असे. एप्रिल २०१५ पासून तें काम ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’कडे दिलें गेलें. शिकवून तयार केलेले स्वयंसेवक साक्षीदारास, त्याची इच्छा असल्यास, खटल्याच्या आधीं रिकामें न्यायालय दाखवितात: न्यायाधीश येथें बसतात, तुम्ही येथें उभे राहाल, पाणी येथें मिळेल. फिर्यादीचा असो वा आरोपीचा, साक्षीदार दोघांनाहि सारखाच.

येथें आमचे वकील मित्र हटकतील, कीं ही तर साक्षीदार पढविण्याची सरकारी शाळा होईल. शंका रास्त आहे. पढविलेल्या पोपटांनीं आमचीं न्यायालयें आधींच गजबजलेलीं आहेत. परंतु इंग्लंडच्या अपील न्यायालयानें २००५ सालीं ‘मोमोडू’ खटल्यांत याची सीमा आंखून दिली: न्यायालयाची ओळख करून देण्यास हरकत नाहीं, साक्षींत काय सांगावें याची तालीम मात्र देतां कामा नये. त्या स्वयंसेवकांना खटल्याच्या हकीकतीसंबंधीं साक्षीदाराशीं बोलण्याचीच मनाई असते. आमच्याकडे हें काम पोलिसांकडे न देतां जिल्हा न्यायालयाकडे दिलें आणि पैसा अंदाजपत्रकांत स्वतंत्र रकान्यांत दाखविला, तर संशयास फारशी जागा राहणार नाहीं. खर्च तरी किती? एक वेगळी खोली, एक जाणता माणूस, आणि त्याच दिवशीं हातावर ठेवलेलें गाडीभाडें.

गेल्या वर्षीं तात्यांच्या त्याच नातवाला, तो आतां बँकेंत आहे, एका बनावट सहीच्या खटल्यांत समन्स आलें. काकू कांहींच बोलल्या नाहींत. तात्यांनीं तारखेच्या आदल्या दिवशीं त्यास बरोबर घेतलें आणि मधल्या सुटींत पट्टेवाल्याला विचारून रिकामें दालन दाखवून आणलें. दुसऱ्या दिवशीं काठी टेकीत ते पुन्हां गेले, व्हरांड्यांतील बांकावर त्याच्या शेजारीं पाण्याची बाटली घेऊन बसले, आणि पुकारा झाल्यावर दाराशीं उभे राहून त्याची साक्ष अखेरपर्यंत ऐकली.