राजधानीचे स्थलांतर, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील

ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या तेरा वसाहतींची काँग्रेस १७७४ ते १८०० या काळात आठ नगरांतून कारभार करीत अखेर पोटोमॅक नदीकाठी नव्याने वसविलेल्या वॉशिंग्टन येथे स्थिरावली, ती प्रक्रिया. आरंभीची स्थलांतरे शत्रूच्या भयामुळे झाली. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरची मात्र, राष्ट्रीय शासनाने कोणत्या घटक राज्याच्या आश्रयाला राहावे आणि त्याच्या सान्निध्याचा लाभ कोणत्या प्रदेशास मिळावा, या वादातून उद्‌भवली.

पहिली काँग्रेस सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात भरली. वसाहतींमधील हे मोठे बंदर उत्तर व दक्षिण या दोन्ही प्रदेशांतील प्रतिनिधींना सोयीचे होते. डिसेंबर १७७६ मध्ये ब्रिटिश सैन्य जवळ येताच काँग्रेस बॉल्टिमोरला गेली व दोन-अडीच महिन्यांनी परतली. सप्टेंबर १७७७ मध्ये फिलाडेल्फिया शत्रूच्या हाती पडले, तेव्हा लँकेस्टर येथे अवघा एक दिवस बैठक भरवून तिने सस्क्वेहॅना नदीपलीकडील यॉर्क गाठले. तेथेच १५ नोव्हेंबर १७७७ रोजी राज्यसंघाचा मसुदा संमत झाला. जुलै १७७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फिलाडेल्फियात आली.

राजधानीच्या प्रश्नाला निर्णायक वळण लागले, ते मात्र युद्ध जवळजवळ संपल्यावर. थकलेल्या वेतनासाठी सु. ४०० सैनिकांनी २१ जून १७८३ रोजी फिलाडेल्फियातील सभागृहाच्या इमारतीस वेढा दिला. काँग्रेसजवळ स्वतःचे संरक्षक दल नव्हते; राज्याचे नागरी सैन्यदल बोलावण्याची तिची विनंती पेनसिल्व्हेनियाच्या कार्यकारी मंडळाने मान्य केली नाही. सदस्य सुखरूप बाहेर पडले. पण राष्ट्राची सर्वोच्च सभा एका राज्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे सर्वांस दिसून आले. काँग्रेस तेथून न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे गेली व एका महाविद्यालयाच्या इमारतीत तिच्या बैठका होऊ लागल्या. त्याच वर्षी डेलावेअर व पोटोमॅक या नद्यांकाठी दोन राजधान्या वसविण्याचे ठराव संमत झाले. त्यांची वृत्तपत्रांतून थट्टा झाली आणि ते कागदावरच राहिले. पुढे अनॅपोलिस येथे जॉर्ज वॉशिंग्टनने सेनापतिपदाचा राजीनामा दिला (२३ डिसेंबर १७८३) आणि तेथेच ब्रिटनबरोबरच्या तहास मान्यता मिळाली (१४ जानेवारी १७८४). नंतर ट्रेंटन येथे काही आठवडे काढून काँग्रेस जानेवारी १७८५ मध्ये न्यूयॉर्कला आली.

फिलाडेल्फियातील अनुभवाचा ठसा १७८७ च्या संविधानात उमटला. जास्तीत जास्त दहा मैल लांब व तितक्याच रुंद अशा चौरस प्रदेशावर (सु. २५९ चौ. किमी.) कायदे करण्याचा अनन्य अधिकार काँग्रेसला देण्यात आला. हा प्रदेश कोठे असावा, हे संविधानाने ठरविले नाही. न्यूयॉर्क येथे १७८९ मध्ये नवे शासन अधिकारारूढ झाल्यावर या प्रश्नावर दीर्घ वादविवाद झाले. राजधानीबरोबर व्यापार, जमिनीच्या वाढत्या किंमती आणि सत्ताधाऱ्यांचा सहवास येणार होता. त्यामुळे कोणताही प्रदेश सहजासहजी माघार घेण्यास तयार नव्हता.

हा पेच अखेर सौद्याने सुटला. राज्यांची युद्धकालीन कर्जे केंद्राने आपल्या शिरावर घ्यावीत, असा अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनचा आग्रह होता. आपल्या कर्जाचा मोठा भाग फेडून बसलेल्या व्हर्जिनियास तो अन्यायकारक वाटे. टॉमस जेफर्सनने नंतर लिहून ठेवलेल्या वृत्तांताप्रमाणे जून १७९० मध्ये त्याच्या घरच्या भोजनप्रसंगी हॅमिल्टन व जेम्स मॅडिसन यांच्यात तडजोड झाली : कर्जाच्या विधेयकास दक्षिणेची पुरेशी मते मिळावीत आणि राजधानी पोटोमॅककाठी जावी. सर्व काही एकाच भोजनात ठरले, हे अनेक इतिहासकारांना मान्य नाही. तथापि दोन्ही विधेयके काही आठवड्यांच्या अंतराने संमत झाली, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. १६ जुलै १७९० च्या अधिनियमाने राजधानी दहा वर्षे फिलाडेल्फियात व त्यानंतर कायमची पोटोमॅककाठी ठेवण्याचे ठरले. जागेची निश्चिती राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनवर सोपविण्यात आली. त्याचे स्वतःचे निवासस्थान त्याच नदीकाठी होते आणि ती नदी नौकानयनास सुगम करणाऱ्या कंपनीचा तो अध्यक्षही राहिला होता.

गुलामगिरीचा प्रश्नही या निवडीत गुंतलेला होता. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे, बाहेरून आणलेला गुलाम तेथे सलग सहा महिने राहिल्यास मुक्ततेस पात्र होई. काँग्रेस-सदस्यांना यातून सूट होती. राष्ट्राध्यक्षाचा त्यात उल्लेख नसल्याने वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरण्यापूर्वी राज्याबाहेर पाठवीत असे. पोटोमॅकच्या दोन्ही तीरांवरील मेरिलंड व व्हर्जिनिया या राज्यांत अशी अडचण नव्हती. नव्या नगरीतील राष्ट्राध्यक्ष-निवास व कॅपिटॉल यांच्या बांधकामावर गुलामांचे श्रम राबविले गेले; त्यांच्या कामाचा मोबदला त्यांच्या धन्यांना मिळे.

नगराचा आराखडा प्येअर लांफां या फ्रेंच स्थापत्यविशारदाने १७९१ मध्ये तयार केला. सीमांची मोजणी अँड्रू एलिकॉटने केली व तीत बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय ज्योतिर्विदाने प्रारंभी साहाय्य केले. आपले स्थान टिकावे म्हणून फिलाडेल्फियाने राष्ट्राध्यक्षासाठी प्रासाद बांधला. पण जॉन ॲडम्सने तेथे राहण्यास नकार दिला. नोव्हेंबर १८०० मध्ये शासन वॉशिंग्टनला आले, तेव्हा कॅपिटॉलचा केवळ एक भाग पुरा झालेला होता आणि नगराची वस्ती सु. ३,२०० होती. ब्रिटिश सैन्याने ऑगस्ट १८१४ मध्ये कॅपिटॉल व राष्ट्राध्यक्ष-निवास जाळल्यावर फिलाडेल्फियाला परतण्याचा प्रस्ताव पुढे आला. प्रतिनिधिगृहाने तो ७४ विरुद्ध ८३ मतांनी फेटाळला आणि स्थलांतराचा प्रश्न जवळजवळ मिटला.

राज्यांच्या दबावातून काँग्रेस मुक्त झाली. पण त्याची किंमत कोलंबिया जिल्ह्याच्या रहिवाशांना द्यावी लागली. १८०१ च्या कायद्यानंतर ते कोणत्याही राज्याचे नागरिक उरले नाहीत व काँग्रेसच्या निवडणुकीतील मताला मुकले. पोटोमॅकच्या दक्षिणेकडील अलेक्झांड्रियाचा भाग १८४६ च्या अधिनियमान्वये व्हर्जिनियास परत मिळाला. उर्वरित रहिवाशांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मताधिकार देणारी दुरुस्ती १९६१ मध्ये झाली. निर्वाचित महापौर व नगरपरिषद १९७३ च्या कायद्याने मिळाली. २०२० च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ६,८९,५४५ होती. सीनेटमध्ये त्यांचा प्रतिनिधी नाही आणि प्रतिनिधिगृहातील त्यांच्या एकमेव प्रतिनिधीस विधेयकांवरील अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. प्रतिनिधित्वाशिवाय आकारलेल्या करांविरुद्ध ज्या वसाहतींनी बंड केले, त्यांची ही राजधानी आहे. २००० पासून तेथील मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर त्याच जुन्या तक्रारीचे शब्द छापलेले आढळतात.