ठोकलेली आरएस घेताना: आधी कागद, मग पत्रा

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि वर्धा जिल्ह्यातून ताशी १२० किलोमीटरची वाट खुली झाली. वेगवान गाड्यांची हौस वाढली, तशा ठोकलेल्या गाड्याही विकायला येऊ लागल्या. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचंच घ्या. २०२० साली तिच्या २४५ मॉडेलच्या फक्त २०० गाड्या भारतात आल्या. अशी गाडी सुट्या भागांत घेण्यापेक्षा अख्खी घेणं केव्हाही बरं, कारण इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू आणि किल्ली एकमेकांशी जुळलेली असतात.

पण गाडीकडे बघण्याआधी तिचे कागद बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला, की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते; २० लाखांच्या आयडीव्हीला १५ लाखांची दुरुस्ती म्हणजे तीच हद्द. पुढे क्लेम 'विथ आरसी' (नोंदणी कायम ठेवून) मिटला की 'विदाउट आरसी' (नोंदणी रद्द करून), हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. नोंदणी रद्द झाली असेल, तर ती गाडी फक्त भाग काढण्यापुरती. तिची किंमतही तेवढीच द्यावी. परिवहन ॲपवर आरसीची स्थिती, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानं दिसतात. चेसिस नंबरचे सतराही आकडे-अक्षरं पत्र्यावर स्वतः वाचून आरसीशी ताडा.

अपघातात कुणी जखमी किंवा मृत झालं असेल, तर गाडी पोलिसांच्या मुद्देमालात जाते आणि न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर सुटते. त्या बंधपत्रात गाडी विकू नये, तिच्यात बदल करू नये, अशी अट असू शकते. हा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

आता गाडी. दारं, बंपर, बॉनेट बदलता येतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. खरी परीक्षा ॲप्रन, पुढचे चेसिस लेग आणि पिलर यांची. बॉनेट उघडून कर्णाची मापं टेपनं घ्या: डावीकडून उजवीकडे आणि उलट, दोन्ही सारखी हवीत. मग गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. पिलरचं पोलाद तापवून, थंड साच्यात दाबून कठीण केलेलं असतं. गॅसच्या ज्योतीनं तापवून सरळ केलं, तर वरून रंग छान बसतो, पण ताकद गेलेली असते. असा भाग कंपनीनं ठरवलेल्या जागी कापून नवाच जोडावा लागतो, आणि ते काम मापाच्या बेंचवरच व्हायला हवं. डेंटरच्या नुसत्या नजरेवर ते सोडू नये.

एअरबॅग उघडल्या असतील, तर त्यांच्यासोबत सीटबेल्टचे प्रीटेन्शनर आणि बहुधा एअरबॅग मॉड्यूलही बदलावं लागतं. हा खर्च आधी लिहून काढा, त्यात नावबदलाचे फॉर्म २९ आणि ३० धरा, मगच बोली लावा. घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावबदलाचा अर्ज करायचा असतो. दुसऱ्या कार्यालयातली गाडी एमएच ३२ मध्ये, म्हणजे वर्ध्यात, आणायची तर आधी तिथली एनओसी लागते.

काही ठिकाणी एअरबॅगच्या जागी रेझिस्टर जोडून डॅशबोर्डवरचा दिवा तेवढा विझवलेला असतो. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी घेऊ नका.