काट्यावर न दिसणारी घट

सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचे ठळक त्रास ठाऊक आहेत: मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, पित्ताशयातले खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह. हे त्रास माणसाला जाणवतात, म्हणून तो डॉक्टरांकडे जातो. जाणवत नाही ती स्नायूंची झीज, आणि आपल्याकडे जास्त काळजी तिचीच करायला हवी असं माझं मत आहे. मार्च २०२५मध्ये मौंजारो (तिर्झेपटाइड) आणि जूनमध्ये वेगोवी (सेमाग्लुटाइड) भारतात आलं. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतचीच, म्हणजे त्यापुढचा काळ स्वस्ताईचा. ठाण्यातल्या कोलशेतसारख्या भागात कारखान्यांच्या जागी टॉवर आले, अंगमेहनत जाऊन खुर्चीतली नोकरी आली. या औषधांचं गिऱ्हाईक नेमकं तिथलं.

सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप-१’ चाचणीत १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. चाचणीतल्या १४० जणांची डेक्सा (चरबी आणि बाकीचं वजन वेगळं मोजणारी) तपासणी झाली, तेव्हा औषध घेणाऱ्यांची चरबी सुमारे १९ टक्के घटलेली दिसली, पण चरबी सोडून उरलेलं वजनही जवळपास १० टक्के गेलं होतं. त्यात पाणी आणि अवयवही मोजले जातात हे खरं, तरी मोठा वाटा स्नायूंचा. शिवाय चाचणीतल्या लोकांचं सुरुवातीचं सरासरी वजन १०५ किलो होतं. गमावायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. आपलं तसं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार असा हा आपला बांधा. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा स्नायू शोषतात. मुळात तुटपुंज्या असलेल्या त्या पुंजीतूनच खर्च झाला, तर मधुमेह्याचं नुकसान दुहेरी.

यावर कुणी म्हणेल, उपास करून वजन उतरवलं तरी स्नायू जातातच, आणि चरबी त्याहून जास्त जाते. बरोबर आहे. २०२३च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत हृदयविकार असलेल्या १७,६०४ जणांमध्ये सेमाग्लुटाइडमुळे झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी घटला. अशा रुग्णाने स्नायूंच्या भीतीने हे औषध नाकारणं शहाणपणाचं नाही. पण लग्नसराईसाठी आठ किलो उतरवू पाहणाऱ्याच्या पदरात हा फायदा पडेल, याला त्या चाचणीत आधार नाही. ‘नंतर बंद करू’ हा युक्तिवादही लंगडा: स्टेप-१मधल्या ज्यांचा पुढे पाठपुरावा झाला, त्यांच्या उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश औषध थांबल्यावर वर्षभरात परत आलं.

भूकच मेली की ताटातलं काय आधी सुटतं, हे डॉक्टरांनी विचारायला हवं. आपल्या जेवणात प्रथिनं आधीच बेताची. डाळ-उसळ, अंडी, मासळी कमी झाली आणि चहा-बिस्किट राहिलं, तर काटा खूश आणि मांड्या रिकाम्या. म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी हाताची पकड मोजावी, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का ते पाहावं, आणि साठीपुढच्या रुग्णाला वजनं उचलण्याचा व्यायाम जमेल तसा, पण औषधासोबतच लिहून द्यावा.