इतवारीहून घरी येण्याची वाट

गेल्या उन्हाळ्यात आमचा आठवीतील पुतण्या इतवारीच्या दुकानावर डबा घेऊन गेला आणि परतताना वाट चुकला. मोबाइलची बॅटरी संपली होती. प्रतापनगरातच लहानाचा मोठा झालेला मुलगा, परंतु घर कोणत्या दिशेला आहे हे त्याला सांगता येईना. एका ऑटोवाल्याने चौकांची नावे विचारीत त्याला घरी आणून सोडले. आजोबा एवढेच म्हणाले, "याचे पणजोबा बैलगाडीने छिंदवाड्यापर्यंत कापड पोचवीत. याला सीताबर्डी कोणीकडे ते ठाऊक नाही!"

दोष एकट्या मुलाचा कसा म्हणावा? आपणच त्याला शिकवणीला गाडीतून नेतो, गाडीतून आणतो. पडद्यावरचा निळा ठिपका वळण सांगतो, दिशा शिकवीत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गच्चीवर नकाशा पसरला. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे २०१७ पासून नागरिकांना संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागले. या प्रमाणात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटीमीटर होतो. पहिला धडा नकाशा जुळविण्याचा. होकायंत्राची सुई पाहून कागदाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवावयाची. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक नागपुरात एका अंशाहूनही कमी, म्हणून मुलांना हिशेबाचा त्रास नाही. मग वायव्येस अंबाझरीचा तलाव, दक्षिणेस विमानतळ, ईशान्येस सीताबर्डी, असे एकेक स्थळ कागदावर व डोळ्यांसमोर एकाच वेळी सापडू लागले. शेजारची चार मुलेही येऊन बसली.

यालाच खेळाचे रूप देऊन स्वीडनमध्ये ओरिएंटियरिंग वाढले. मेजर अर्न्स्ट किलँडर यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरविली. नकाशा व होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणे क्रमाने शोधावयाची, वाट मात्र ज्याची त्याने निवडावयाची. नुसता वेगाने धावणारा येथे पुष्कळदा मागे पडतो. आमच्या मुलांनी बागेत झाडांना रंगीत चिंध्या बांधून हाच खेळ मांडला.

नागपूरकराला तर या विद्येचे मोल अधिक वाटावे. झिरो माइलच्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, बैतूल यांची अंतरे कोरलेली आहेत. आपल्या कित्येक घराण्यांच्या व्यापाराच्या वाटा याच. तेथील प्रमाण उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. ज्या महासर्वेक्षणातून असे आकडे आले, ते १८०२ मध्ये मद्रासेस आरंभिणारे विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तेथेच आहे. हिंगणघाटला नातेवाइकांकडे वर्षातून दोनदा जाणारे आपण, ती किती जणांनी पाहिली असेल?

आजीला मात्र या खटाटोपात नवे काही वाटले नाही. दिग्व्रत घेताना समुद्र, नदी, अरण्य, पर्वत अशा ओळखीच्या खुणांनीच मर्यादा आखावयाची असते, हे तिला पाठ. खूण ओळखता आली नाही तर मर्यादा कळणार कशी, असे तिने विचारले.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या इतवारीहून सीताबर्डीपर्यंत पायी निघाला. मोबाइल घरीच ठेवला होता. आजोबा वीस पावले मागे, न बोलण्याच्या अटीवर. त्याने प्रथम पट्टीने सरळ रेषा आखली होती. नंतर लक्षात आले, मध्ये रेल्वेमार्ग आडवा आहे आणि तो हवा तेथे ओलांडता येत नाही. मग त्याने लोहापुलाची वाट धरली. एके ठिकाणी तो चुकीच्या गल्लीत वळला, थांबला, नकाशा फिरवून पाहिला आणि मागे आला. आजोबांनी तोंड उघडले नाही. सीताबर्डीला पोचल्यावर दोघांनी उसाचा रस घेतला आणि पुढची वाट बसने केली.