ढोलाला भात कशाला?

शिरूर अनंतपाळला सप्ताह बसला की कीर्तनाआधी पखवाजवाले काय करतात, पाहिलंय? ओल्या कणकेचा गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापतात. एक थाप मारून कान देतात. जमलं नाही तर चिमूटभर कणीक काढतात, नाहीतर आणखी लावतात. मग पखवाज असा घुमतो, की पोटात जाणवतं!

आता चला दोन हजार किलोमीटर पूर्वेला, म्यानमारच्या डोंगराळ शान मुलखात. तिथल्या राजांना म्हणायचे साओफा. १९५९ मध्ये त्यांची सत्ता गेली, नाच मात्र टिकले. पावसाळ्यातला बौद्ध व्रतकाळ संपला, की बांबूच्या सांगाड्यावरचे कापडी पंख फडकवत किन्नर नाचतो, अर्धा माणूस, अर्धा पक्षी. पाठोपाठ येतो ‘तो’ नावाचा केसाळ प्राणी. हा म्हणजे एका सोंगात दोन माणसं! मागच्याला बिचाऱ्याला दिसणार काय? त्याची भिस्त ढोलावर. आणि त्या लांबलचक ढोलाच्या चामड्यावर मधोमध काय लावतात? राखेत मळलेला भात!

रत्नागिरीचा थिबा पॅलेस ऐकलाय ना? ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, थिबा या शेवटच्या राजाचं नाव सीपॉ (ब्रह्मी उच्चार ‘थिबॉ’) या शान संस्थानावरून पडलेलं. त्याच्या देशातल्या दरबारी वाद्यवृंदात २१ ढोलकांचं कडं असे, मधे बसलेला वादक एकच. एकेका ढोलकाचा सूर जुळवायचा तो याच राख-भाताच्या लगद्यानं. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबाला पकडलं आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

पण भात काय, कणीक काय, करते तरी काय? पाठीवर भरलेलं दप्तर असलं की पळायचा वेग उतरतो ना, तसंच चामड्याचं. वजन वाढलं की ते सावकाश थरथरतं आणि सूर खाली येतो. तबल्याची काळी शाई तर आणखी हुशार. चामड्यातून एकाच वेळी अनेक सूर निघतात, एरवी ते एकमेकांशी भांडतात. शाई त्यांचं जमवून देते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं, नोबेलच्या दहा वर्षं आधी.

करून बघा. डब्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधा, टिचकी मारा. मधोमध वाटाण्याएवढी कणीक चिकटवून पुन्हा मारा. मग तीच कणीक कडेला सरकवा. फरक जवळपास गायब! कडेचं रबर हलतंच कुठं? कणीक मात्र आईला विचारून घ्या, नाहीतर ढोल भलतीकडेच वाजेल.