करवतीची चेन लांबते कुठे?

नाशिकमध्ये कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय नोव्हेंबर 2025 मध्ये पेटला. अभिनेते सयाजी शिंदे झाडांच्या बाजूने उभे राहिले. मला मात्र लिहायचंय ते ज्या यंत्राने झाड पडतं, त्या चेन सॉच्या चेनबद्दल. कारण ती चेन जिथे फिरते, तिथल्या मातीत काहीतरी सोडून जाते.

सुरुवात नाशिकच्याच द्वारका चौकापासून करू. मुंबई-आग्रा आणि पुणे रस्ता जिथे मिळतात, त्या कोंडीत मोटारसायकल रेटणाऱ्याला चेनची खडखड ओळखीची असते. गॅरेजात नेली की उत्तर येतं, ‘चेन लांबली.’ करवतीच्या चेनचीही हीच तक्रार, फक्त ती महिन्यांऐवजी तासांत सुरू होते.

लांबली म्हणजे पोलाद रबरासारखं ताणलं गेलं, असा समज होतो. प्रत्यक्षात कड्या होत्या तेवढ्याच राहतात. झिजतात ते सांधे, म्हणजे रिव्हेट आणि ती ज्या भोकातून जाते ते भोक. 18 इंची बारवर, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीवर, साधारण 72 ड्राइव्ह लिंकची (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) चेन बसते. प्रत्येक लिंकला दोन रिव्हेट, म्हणजे 144 सांधे. एकेका सांध्यात 0.05 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढा गाळा पडला, तरी सगळे मिळून 7 मिलिमीटरच्या वर जातात. चेन बारखाली लोंबायला एवढं पुरेसं आहे.

आणि हा गाळा पडायला वेळ लागत नाही. चेन सेकंदाला सुमारे 20 मीटर धावते. दीड मीटरपेक्षाही छोटा तो फेरा सेकंदात चौदा-पंधरा वेळा पुरा होतो. दर फेऱ्यात प्रत्येक सांधा स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, वाकतो, सरळ होतो, बारच्या टोकाला पुन्हा वाकतो, पुन्हा सरळ होतो. मिनिटाला साडेतीन हजार हालचाली झाल्या. त्यात रस्त्याकडेच्या झाडाच्या सालीत बसलेली धूळ शिरली की ती कानसीचं काम करते. फलक टांगायला ठोकलेला खिळा लागला तर दातांची धार जाते. मग माणूस यंत्र दाबून धरतो, चेन तापते आणि झीज आणखी वाढते.

गरम चेनचं लांबणं मात्र वेगळं. शंभर अंशांनी तापली तर अशी चेन दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि थंड झाली की आखडते. तापलेली असताना ताणून बसवली तर थंड होताना तिचा ओढा बारवर आणि बेअरिंगवर येतो. म्हणून काम संपलं की चेन सैल करायची. नवी चेन पहिल्या काही मिनिटांत झपाट्याने सैलावते, कारण सांध्यांतले बारीक उंचवटे तेव्हाच घासून बसतात. झिजलेल्या चेनची एक कडी काढून ती आखूड करणं मात्र चुकीचं. दोन सांध्यांतलं अंतरच वाढलेलं असतं, त्यामुळे ती स्प्रॉकेटच्या दातांत नीट बसत नाही आणि स्प्रॉकेटही खाते.

हे सगळं थोपवतं ते तेल. या यंत्रातलं तेल परत टाकीत येत नाही. बारच्या खाचेतून चेनवर येतं, सांध्यात शिरतं आणि उडून भुशात, पाल्यात, जमिनीत जातं. टाकीत ओतलेला प्रत्येक थेंब झाडाखालीच राहतो. आपल्याकडे अनेकदा स्वस्त म्हणून गाड्यांचं काढलेलं जळकं तेल वापरतात. ते पातळ, मळकट, धातूच्या कणांनी भरलेलं असतं. चेनला धड चिकटत नाही, म्हणजे चेनही लवकर लांबते. आणि 2016 च्या नियमांनुसार हेच वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजात ते गटारात ओतलं तर आपण हरकत घेतो; झाडाखाली शिंपडलं जातं तेव्हा कुणाचं लक्षही जात नाही.

ऑस्ट्रियाने 1990 च्या दशकातच करवतीसाठी खनिज तेल बंद करून जैवविघटनशील तेल सक्तीचं केलं. तिथे जंगल आहे म्हणून. इथे गोदावरी आहे. महापालिकेच्या फांद्या छाटण्याच्या प्रत्येक निविदेत चेनच्या तेलाची एक ओळ असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. तपोवनात यंत्र चालो वा न चालो, दर पावसाळ्यात पडलेली झाडं याच चेनने कापली जातात. तेव्हा टाकीत काय ओतलंय, ते जवळ जाऊन बघा. काळं आणि जळका वास येणारं असेल, तर तिथेच विचारा.