गाडीचा अल्टरनेटर बदलायला किती खर्च येतो? आधी हे तपासा, मग पैसे मोजा

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील हट्टा. सकाळी कार सुरू झाली नाही की पहिला संशय बॅटरीवर जातो. चार-पाच हजारांची नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बंद पडते. अशा वेळी दोष अनेकदा बॅटरीचा नसतो, तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा असतो. गॅरेजमध्ये त्याला आजही ‘डायनामो’ म्हणतात.

अल्टरनेटर काय करतो?

इंजिन चालू झाले की बेल्टमुळे अल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार करतो. हेडलाइट, पंखा, इंधन पंप त्याच विजेवर चालतात आणि उरलेल्या विजेवर बॅटरी चार्ज होते. तो बंद पडला की सगळा भार बॅटरीवर येतो.

बिघाड कसा ओळखायचा?

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटतो किंवा हेडलाइट मंद होतात. खात्रीसाठी मल्टिमीटर लावावा. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन आणि हेडलाइट चालू केल्यावर आकडा साधारण 13.5 ते 14.5 हवा. तो वाढलाच नाही, तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला, तर रेग्युलेटर तपासावा. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत मात्र टाळावी. त्यात गाडीचा संगणक जळू शकतो.

खर्च किती?

आकडे अंदाजे आहेत. गाडीचे मॉडेल आणि गावानुसार ते बदलतात.

• बेल्ट सैल, टर्मिनलवर गंज किंवा फ्यूज गेलेला: काही शे रुपये.
• कार्बन ब्रश, बेअरिंग किंवा रेग्युलेटर बदलणे: साधारण 800 ते 2,500 रुपये.
• दुरुस्त केलेला जुना अल्टरनेटर: 3,000 ते 5,000 रुपये.
• छोट्या कारसाठी नवा: 6,000 ते 12,000 रुपये, मोठ्या गाड्यांसाठी त्याहून जास्त.

मजुरी वेगळी. ज्या गाड्यांत स्टार्टर आणि अल्टरनेटरचे काम एकच यंत्र करते, त्या ‘माइल्ड हायब्रिड’ गाड्यांचा खर्च बराच वाढतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. पूर्वी 28 टक्के कर असलेल्या 6,000 रुपयांच्या भागावर आता 600 रुपये कमी लागतात. बिलावर हा दर पाहून घ्यावा.

हट्ट्यासारख्या गावात हिशेब का बदलतो?

हवा तो भाग गावात मिळाला नाही, तर वसमत, परभणी किंवा नांदेड गाठावे लागते. गाडी टोचन करून न्यावी लागली, तर ते भाडे दुरुस्तीपेक्षाही जास्त होऊ शकते. म्हणून लाल दिवा पेटला त्याच दिवशी तपासणी करणे स्वस्त पडते. चालत्या गाडीत दिवा लागला, तर एसी आणि गाणी बंद करावीत आणि इंजिन बंद न करता जवळचे गॅरेज गाठावे. पण त्याच वेळी इंजिन तापत असेल किंवा स्टिअरिंग जड झाले असेल, तर बेल्ट तुटलेला असू शकतो. तेव्हा गाडी लगेच थांबवावी. रात्री हेडलाइटमुळे बॅटरी लवकर उतरते. रुग्णाला घेऊन निघालेल्या गाडीसाठी हे फार महागात पडते.

विमा मिळतो का?

नेहमीच्या विम्यात यांत्रिक किंवा विजेचा बिघाड धरला जात नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे.

गॅरेजवाल्याने ‘पूर्ण बदलावा लागेल’ म्हटले, तर नेमका कोणता भाग गेला हे विचारावे, काढलेला जुना भाग परत मागावा आणि वॉरंटीसह पक्के बिल घ्यावे. कधी कधी झिजलेल्या ब्रशच्या एका जोडीवरच काम भागते.